आईच्या खोलीतला अठरा इंची पत्र्याचा कुलर: लोकल, चंद्रपूर बनावटीचा

आधी निकाल सांगतो, पाल्हाळ मागाहून. चंद्रपूर, नागपूर, अकोला, जळगाव, म्हणजे जिथे मे महिन्यात दोरीवर टाकलेला टॉवेल पाठ वळेपर्यंत वाळतो अशा गावात राहत असाल, तर पत्र्याचा लोकल कुलर बिनधास्त घ्या. मुंबई, रत्नागिरी, पणजीवाल्यांनी घेऊ नये. त्यांच्या हवेत हे यंत्र भिंतीला ओल आणण्यापलीकडे काही करणार नाही. का, ते पुढे येईलच.

माझी नोकरी भूमिगत कोळसा खाणीत गेली, तीही व्हेंटिलेशनच्या कामात. खाली हवा किती पोचते, तिच्यात दमटपणा किती, कामगाराला ती सोसेल की नाही, हे मोजत फिरणं एवढंच काम. निवृत्त झालो तरी खोड गेली नाही. त्यामुळे हा रिव्ह्यू जरा आकडेवाला होणार. ज्यांना फक्त आवाज आणि दुरुस्ती पाहायचीय त्यांनी खाली शेवटाकडे जावं.

याआधी आमच्याकडे एका मोठ्या कंपनीचा प्लॅस्टिकचा कुलर होता. दिसायला देखणा, रिमोट, खाली चाकं, बर्फ टाकायला वेगळा कप्पा. तिसऱ्या उन्हाळ्यात त्याचं प्लॅस्टिक उन्हाने कडक होऊन मागची जाळी हातात तुटून आली, आणि ऐन नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापल्या नऊ दिवसांत, पंप गेला. सर्व्हिस सेंटरला फोन केला की रोज तेच, "सर, पार्ट ऑर्डर केलाय." रोहिणी संपल्या, मृगाचा पाऊस पडला, पार्ट काही आला नाही. कंपनीचं नाव घेत नाही, कारण बाकीच्याही तशाच आहेत असं शेजारीपाजारी सांगतात. बर्फाच्या कप्प्याबद्दल मात्र सांगून ठेवतो: तो शोभेचा असतो. टाकीभर पाण्यात ट्रेभर बर्फ टाकून खोली गार होत नसते. खोली गार करतं ते पाण्याचं उडून जाणं. पाणी थंड की कोमट, याने फार फरक पडत नाही.

म्हणून या वेळी मूल रोडच्या एका कारखान्यात गेलो. कारखाना म्हणजे पुढे दुकान आणि मागे पत्रा कापायचा, वाकवायचा, रंगवायचा उद्योग. जीआय पत्र्याची बॉडी, अठरा इंची पंखा, तांब्याच्या वाइंडिंगची मोटर, तीन बाजूंना पाण्याने ओल्या राहणाऱ्या ताट्या, खाली लोखंडी स्टँड. ॲल्युमिनियम वाइंडिंगची मोटर सहाशे रुपयांनी स्वस्त पडते. ती घेऊ नका, दुपारभर चालवायची आहे. ताट्या वुडवूलच्या (लाकडाच्या बारीक तासांच्या) हव्यात की हनीकोंबच्या (मधाच्या पोळ्यासारख्या कागदी जाळीच्या), असं मालकाने विचारलं. मी हनीकोंब म्हटलं. स्टँडसकट ८,२०० पडले. "घेऊन जा जी काका, पाच वर्षं पाहाचं काम नाही," असं तो म्हणाला आणि सोबत बॉडीवर एक हिरवं स्टिकर चिकटवून दिलं. त्यावर पान काढलेलं आणि खाली लिहिलेलं: "कुलर वापरा, पृथ्वी वाचवा." त्या स्टिकरवर मला बरंच बोलायचं आहे, पण आधी यंत्र.

कुलर आईच्या खोलीसाठी घेतला. आईचं वय ऐंशीच्या पुढे. म्हाताऱ्या माणसाला घाम कमी येतो आणि तहान लागलेली कळत नाही, हे डॉक्टर सांगतात आणि घरात दिसतंही. सकाळचा तांब्या संध्याकाळपर्यंत तसाच भरलेला. वर तिचं म्हणणं असं, की तिच्या माहेरी वाळ्याच्या ताट्या होत्या, त्यांवर पाणी शिंपडलं की घरभर सुगंध सुटायचा आणि असलं भोंगाड कोणी ऐकलेलं नव्हतं. वाळ्याचा सुगंध हनीकोंबला नाही, हे मान्य. हनीकोंबला पहिला आठवडा ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो, नंतर काहीच येत नाही.

आता मोजमाप. माझ्याकडे एक व्हर्लिंग हायग्रोमीटर आहे. लाकडी चौकटीत शेजारी शेजारी दोन थर्मामीटर, एकाचा फुगा कोरडा, दुसऱ्याच्या फुग्यावर मलमलीची वात, तिचं टोक पाण्याच्या छोट्या डबीत. मूठ धरून मिनिटभर गरागरा फिरवायचं, थांबवायचं आणि लगेच आधी ओला वाचायचा, मग कोरडा. ओल्या फुग्यावरचं पाणी उडतं, उडताना उष्णता घेऊन जातं, म्हणून तो पारा खाली उतरतो. हवा जितकी कोरडी तितका जास्त उतरतो. दोन्ही पारे एकाच आकड्यावर आले की हवा पाण्याने तुडुंब भरली असं समजायचं.

मेच्या भर दुपारी अंगणात सावलीत कोरडा ४५, ओला २४. म्हणजे एकवीस अंशांची दरी. कुलर त्या दरीवर जगतो. चांगला कुलर हवेला त्या दरीच्या तीन चतुर्थांशाहून थोडं जास्त खाली उतरवू शकतो. कुलरच्या तोंडाशी मी मोजलं ते २९ भरलं, आईच्या पलंगाजवळ ३२. पंचेचाळिसाच्या दुपारी, साधारण दोनशे वॉट विजेवर पलंगापाशी ३२. दीड टनाचा एसी याच्या सहा-सात पट वीज खातो. पैकीच्या पैकी मार्क.

एक अट. मागची बाजू खिडकीबाहेर हवी आणि समोरचं दार किंवा दुसरी खिडकी उघडी हवी. एसीवाल्या नातेवाइकांकडून येणारे पाहुणे हटकून दार लावून घेतात. तासाभरात खोली दमट होते, गादी चिकचिकते आणि मग "तुमचा कुलर काही कामाचा नाही" असं ऐकावं लागतं. कुलरला आत आलेली ओली हवा बाहेर जायला वाट लागते. तेवढी ठेवा.

हे सगळं मी कुलरबद्दल सांगतोय, पण माणसाचं अंगही याच तत्त्वावर चालतं. आत ३७ अंश, कातडीवर साधारण ३५. बाहेर ४५ असताना हवा आपल्याला गार करत नाही, उलट तापवते. नुसता पंखा लावलात तर तो गरम हवाच अंगावर फेकतो. अशा वेळी उष्णता बाहेर टाकायला शरीराकडे एकच उपाय उरतो, घाम उडवणं. म्हणजे माणूस हा चालताबोलता कुलर, आणि त्यालाही ती दरी लागते. ओला पारा ३५ वर गेला तर सावलीत, पंख्याखाली, पाणी पीत बसलेला धडधाकट माणूसही काही तासांत जातो, अशी मर्यादा २०१० साली दोन शास्त्रज्ञांनी हिशेबाने मांडली. पुढे २०२२ मध्ये अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाने तरुण, निरोगी माणसांना खोलीत हलकी हालचाल करायला लावून प्रत्यक्ष तपासलं, तेव्हा दमट हवेत शरीराचा तोल ३१ च्या आसपासच सुटायला लागतो असं दिसलं. कोरड्या, जास्त तापलेल्या हवेत तर त्याहूनही आधी. आणि ती तरुण माणसं होती. आईच्या वयाचं कोणी त्यात नव्हतं.

खाणीत हे आम्हाला फार आधी शिकवलेलं होतं. आमच्या वेळच्या, १९५७ च्या कोळसा खाण नियमावलीत स्पष्ट लिहिलेलं, कामाच्या जागी ओला पारा ३३.५ च्या वर जाता कामा नये, आणि ३०.५ च्या वर गेला तर सेकंदाला किमान एक मीटर वेगाने हवा खेळती ठेवायची. कोरड्या पाऱ्याचं काय, तो किती का असेना. माणूस मरतो तो ओल्या पाऱ्याने, हे जमिनीखाली कायद्यात बसलं होतं. जमिनीवर टीव्हीवाले अजून कोरडाच आकडा ओरडून सांगतात. मे २०२४ मध्ये नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले तेव्हा दोन दिवस दुसरी बातमी नव्हती. तो सेन्सर बिघडलेला निघाला. याउलट १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर पुरस्कार सोहळा होता, तेव्हा पारा ३८ च्या आसपास होता. आमच्याकडे ३८ ला लोक लग्नाच्या वरातीत नाचतात. पण ती खाडीकाठची हवा, वर ऊन, तासन्‌तास मोकळ्यावर बसलेली गर्दी. चौदा माणसं गेली.

म्हणून कोकणवाल्यांना कुलर नको म्हटलं. त्यांची दरी आधीच बुजलेली असते.

आमचीही बुजते, पण जूनमध्ये. कुलरचा खरा उणेपणा इथे आहे आणि तो कोणताही दुकानदार सांगणार नाही. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात ढग येतात, पाऊस येत नाही. कोरडा पारा ४० वर उतरतो, लोक म्हणतात सुटलो. मी अंगणात खुळखुळा फिरवतो (नातू त्या हायग्रोमीटरला खुळखुळाच म्हणतो) तर ओला ३० दाखवतो. मे महिन्यातल्या पंचेचाळिसापेक्षा हे चाळीस वाईट. कुलर लावला तर तोंडाशी ३२ मिळतात, पण ती हवा इतकी ओली की अंगावरचा घाम जागचा हलत नाही. त्या दिवसांत मी पंप बंद करतो आणि नुसता पंखा चालू ठेवतो. कोरड्या अंगावर पंखा गरम हवाच फेकतो, म्हणून सोबत आईच्या मानेवर, हातापायांवर ओला पंचा फिरवत राहतो. यंत्राचे साडेतीन स्टार इथे कापले. कंपनीचा असो की लोकल, याला कुठल्याही कुलरकडे उपाय नाही, हे पदार्थविज्ञान आहे. आणि तापलेली हवा अधिक बाष्प धरते, अंशागणिक साधारण सात टक्के जास्त. तेव्हा जूनचे हे दिवस पुढे वाढतील, कमी होणार नाहीत.

आता ते स्टिकर. "पृथ्वी वाचवा."

चंद्रपूर जिल्ह्यात राहून पृथ्वीची काळजी करणं मला जमत नाही. पैनगंगेकडे इरई नावाचं गाव आहे. तिथे चुनखडकाच्या फरशीवर एकाच दिशेने गेलेले लांबच लांब ओरखडे आहेत. १८७० च्या दशकात भूगर्भ सर्वेक्षण विभागातल्या फेडन नावाच्या साहेबाने ते हेरले. ते ओरखडे हिमनदीचे. बर्फाच्या लाद्या पोटात दगडगोटे घेऊन सरकल्या, त्यांनी खाली पडलेली ही खरड. ज्या जिल्ह्याचं नाव आज ४७ च्या पुढच्या पाऱ्यासाठी पेपरात येतं, तिथे सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी बर्फाचा थर होता. तेव्हा आपला सगळा भूभाग गोंडवन नावाच्या जुन्या महाखंडात, दक्षिण ध्रुवाजवळ होता. मग बर्फ वितळलं, दलदली झाल्या, जंगल वाढलं, गाडलं गेलं, त्याचा कोळसा झाला. त्याच कोळशावर मी पेन्शन खातो.

माझ्याकडे शेलची, म्हणजे चिखल घट्ट होऊन झालेल्या खडकाची, एक चपटी कपची आहे, वितीएवढी. कोळशाच्या थरावरच्या छपरातून निखळलेली. तिच्यावर पान उमटलंय, जिभेच्या आकाराचं, मधोमध जाड शीर, दोन्ही बाजूंनी जाळीदार बारीक शिरा. ग्लोसॉप्टेरिस नावाच्या, आता नामशेष झालेल्या झाडाचं. कोरडी असताना नीट दिसत नाही, ओलं बोट फिरवलं की शीर न्‌ शीर काळी उठून येते. हेच पान अंटार्क्टिकातही आहे. इंग्रज मोहीमवीर कॅप्टन स्कॉट आणि त्याचे साथीदार १९१२ मध्ये ध्रुवावरून परतताना थंडीने आणि उपासमारीने मेले, तेव्हा त्यांच्याजवळ सुमारे सोळा किलो दगड सापडले, त्यांत ग्लोसॉप्टेरिस होतं. ओझं फेकून द्यावं अशी अवस्था असताना त्यांनी ते टाकलं नव्हतं. काही अंश थंडी जास्त पडली, अन्न आणि रॉकेल संपलं, आणि पाच जण परत आले नाहीत. पान होतं तसंच.

या पानाचं पुढे काय झालं तेही पाहा. २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी सायबेरियात लाव्हाचे प्रचंड पूर आले. त्यांनी वाटेतले कोळशाचे थरही जाळले, हवेत कार्बन डायऑक्साइड भरला, समुद्र तापले, आम्लधर्मी झाले, त्यांतला प्राणवायू घटला. समुद्रातल्या दहापैकी साधारण नऊ जाती संपल्या. ग्लोसॉप्टेरिसची जंगलं संपली. पृथ्वी संपली नाही. सावरायला तिला लाखो वर्षं लागली, काही परिसंस्थांना कोटभर, पण सावरली. मग डायनोसॉर आले. याच जिल्ह्याच्या पुढे, सिरोंच्याकडे त्यांची हाडं निघतात. मग ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपल्या दख्खनचा लाव्हा वाहिला, तिकडे मेक्सिकोत अशनी आदळली, आणि तेही गेले. ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पुन्हा एकदा कार्बन वाढून जग पाच-सहा अंशांनी तापलं. निवायला दीड-दोन लाख वर्षं गेली.

निवतं कसं, तेही आपल्या काळ्या दगडात लिहिलेलं आहे. पावसात कार्बन डायऑक्साइड विरघळतो, ते पाणी बेसाल्ट झिजवतं, त्यातलं कॅल्शियम नद्या समुद्रात नेतात, तिथे त्याचा चुनखडक होऊन कार्बन तळाला बसतो. हवा तापली की पाऊस वाढतो, दगड जास्त झिजतो, कार्बन जास्त खेचला जातो. पृथ्वीला अंगचीच ही सोय आहे, आणि तिला ना वीज लागते ना पंप. फक्त ती लाखालाखा वर्षांच्या हिशेबाने चालते. आईच्या खोलीला दुपारी दोन वाजता त्याचा उपयोग नाही.

कारखानदारीच्या आधी हवेत दहा लाख भागांत २८० भाग कार्बन डायऑक्साइड होता, आता ४२० च्या वर गेला. २०२४ हे जगाचं सरासरी तापमान त्या जुन्या काळाच्या दीड अंशाहून वर गेलेलं पहिलं वर्ष ठरलं. दीड अंश म्हणजे पृथ्वीच्या हिशेबात खिजगणतीतही नाही. आमची शेती, गावं, धरणं, पगार, शाळेच्या सुट्ट्या, लग्नाचे मुहूर्त, सगळं गेल्या दहा-अकरा हजार वर्षांच्या एका शांत हवामानाला धरून बसवलंय, आणि तो पायाच आता हलतोय. तेव्हा दुकानदाराला मी म्हटलं, "बाबू, पृथ्वी मस्त आहे. स्टिकरवर 'आई वाचवा' लिही." तो हसला. म्हणाला, "काका, मग कोण घेईन? प्रत्येकाले वाटते आपली आई ठीक आहे." धंद्यातला माणूस, त्याला कळतं.

स्टिकरचा दुसरा दावा, म्हणजे कुलर वापरल्याने पृथ्वी वाचते हा, तपासायचा तर गच्चीवर जावं लागतं. आमच्या गच्चीवरून महाऔष्णिक वीज केंद्राची धुराडी दिसतात. २,९२० मेगावॉट, सगळं कोळशावर. कुलर चालू केला की त्याची वीज त्या बाजूनेच आली असं धरून चालतो. म्हणजे गाडलेलं जंगल जाळून आलेली वीज, त्या धुराने तापलेल्या दुपारी, मला गार करते. हिरवं पान त्या डब्यावर जरा जास्तच होतं. पण एसीच्या तुलनेत खूपच बरं, शिवाय कुलरमध्ये गळून हवा तापवणारा गॅस नाही. एवढं श्रेय द्यायला हवं.

आणि त्या धुराड्यांनाही पाणी लागतं, हे लोक विसरतात. २०१० च्या उन्हाळ्यात इरई नदीवरच्या धरणाने तळ गाठला आणि केंद्रातले संच बंद ठेवायची पाळी आली. कुलरला पाणी, वीज केंद्राला पाणी, नळाला पाणी, सगळ्यांचं धरण एकच.

पाण्याचं बोललोच तर: भर दुपारी हा कुलर तासाला दहा-बारा लिटर पितो. दिवसाला दीडशे लिटर सहज. आमच्याकडे नळ दिवसाआड, म्हणून बोअरचं भरतो, आणि बोअरच्या पाण्याने हनीकोंबवर पांढरे क्षार धरतात. पंधरा दिवसांनी ताट्या काढून साध्या पाण्याने धुवायच्या. घासायच्या नाहीत, कागद आहे, फाटतो. टाकीत साचलेल्या पाण्यात डास होतात, मग डेंग्यूवाले सर्व्हेला येतात आणि दारावर खडूने लिहून जातात. आठवड्याला टाकी कोरडी करा.

आवाज: आहे. टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो. आईला दोन दिवस झोप आली नाही, आता बंद केला की जाग येते.

शॉक: हे मात्र गंभीरपणे वाचा. पत्र्याची बॉडी, पाणी आणि वीज एकत्र. विदर्भात दर उन्हाळ्यात कुलरमध्ये पाणी भरताना माणसं जातात, त्यांत घरातल्या बायका आणि पोरंही. तीन पिनचाच प्लग, भिंतीतलं अर्थिंग तपासून घेतलेलं, बोर्डावर ईएलसीबी, म्हणजे वीज गळताच ती तोडणारा स्विच. पाणी भरताना नुसतं बटण बंद करू नका, प्लग उपटून बाजूला ठेवा. पायात चप्पल. पत्र्याचा कुलर लहान मुलं हात लावतील अशा जागी नको. हे जमत नसेल त्यांनी प्लॅस्टिकचाच घ्यावा, पार्टची वाट पाहत बसावं लागलं तरी चालेल.

वीज गेली की हा कुलरही गेला, हे उघड आहे, पण मे महिन्यात त्याचा अर्थ वेगळा होतो. सगळ्या मोहल्ल्याचे कुलर-एसी एका वेळी चालू, त्यात रात्री अकराला डीपी उडते. रात्रीचा पारा ३० च्या खाली उतरत नाही तेव्हा दिवसभराची उष्णता अंगातून निघत नाही, दुसरा दिवस आदल्या दिवसावर चढतो. घरच्या साध्या इन्व्हर्टरवर हा कुलर चालतो, एसी चालत नाही. ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत त्यांनी कुलरच्या आधी इन्व्हर्टरची बॅटरी बघावी असं माझं मत.

या सगळ्या हिशेबात न बसणारी माणसं आहेतच. आमच्या गल्लीत नालीचं काम चालू होतं, त्यातल्या बायका दुपारी आमच्या कुलरच्या मागे, खिडकीबाहेर सावलीला येऊन बसायच्या. मागच्या बाजूला गारवा नसतो, कुलर तिथून हवा ओढतो, पण ताट्यांतून गळणारं पाणी बोटांनी डोळ्यांना लावायच्या. एकीने विचारलं, "बाबा, हे किती रुपयाले?" सांगितलं. ती म्हणाली, "घर पत्र्याचंच हाये जी आमचं, कुलर कायले पाह्यजे," आणि सगळ्या हसल्या. आईने आतून पन्ह्याचा जग पाठवला. कंत्राटदाराने भर दुपारी काम बंद ठेवावं, असा सल्ला दरवर्षी उष्मा कृती आराखड्यात असतो. अहमदाबादने २०१३ मध्ये असा आराखडा केला, नंतर नागपूरनेही. कागद चांगला आहे. पण दुपारी काम बंद म्हणजे अर्धी मजुरी बंद, ती कोणी द्यायची हे त्यात सापडत नाही. तेंदू तोडायला जाणारे तर पहाटे जंगलात शिरतात, ऊन टळतं, मग वाघाची भीती.

दुरुस्ती: इथे लोकलचा विजय निर्विवाद. पंखा आवाज करायला लागला तेव्हा कारखान्याचा पोरगा सायकलवर आला, बुश बदलली, दीडशे रुपये घेतले, चहा पिऊन गेला. सुटे भाग प्रत्येक इलेक्ट्रिकच्या दुकानात. खालच्या पत्र्याला गंज धरतो, म्हणून पावसाळ्यात ठेवून देताना टाकीला आतून डांबरी रंगाचा हात द्यायचा.

मेसाठी पाचपैकी पाच, जूनसाठी पाचपैकी दीड, आवाजाला दोन, दुरुस्तीला पाच, स्टिकरला शून्य. ते मी खरवडून काढलं, पण गोंद उरलाय आणि त्यावर धूळ बसते.

घ्यायचाच तर फेब्रुवारीत जा, हजार-बाराशेने स्वस्त पडतो आणि पत्रा निवडून घेता येतो. पत्रा बोटाने दाबून पाहा, टम्‌ आवाज करत आत गेला तर पातळ आहे, दुसरा दाखवा म्हणा. स्टँडचे पैसे वेगळे लावतात, ते आधीच ठरवून घ्या. आणि पंप जास्तीचा एक आणून घरात ठेवा. अडीचशेचा पंप मे महिन्यात चारशेला जातो, तोही दुकानात उरला असेल तर.